एका वयाच्या तलंगा, चार मापांच्या

कोंबडीची वाढ नीट चालली आहे की नाही, हे तिच्या शेजारी उभ्या असलेल्या कोंबडीकडे बघून कळत नाही. तिची जात कोणती आणि मागच्या आठवड्यात तिचं वजन किती होतं, या दोन गोष्टी ठाऊक असल्या तरच कळतं. गोराईला आमच्या परसात एकाच वेळी उबवलेली चार जातींची पिल्लं मी वाढवली, आणि त्या सगळ्या महिन्यांत घरी आलेल्या जवळपास प्रत्येकानं मला एकच सांगितलं: ही तांबडी बघा कशी तरारलीत आणि ही काळी बिचारी खंगलीत. काळी खंगलेली नव्हती. तांबड्यांतलीच एक आजारी होती, आणि ती कुणालाही दिसत नव्हती.

गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, तरी बोरिवलीहून होडीनं खाडी ओलांडली की मागे परस असलेली घरं अजून दिसतात. आमच्या मागे दोन माड, एक बदामाचं झाड, विहीर आणि भिंतीला लागून खुराडं. सासूबाईंच्या गावठी कोंबड्या तिथे आधीपासून आहेत. गावठी कोंबडी चिवट, पण अंडी बेताचीच, आणि दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होऊन उबवायला बसायला मोकळी. घरात अंडी वर्षभर हवी होती, म्हणून मी जातिवंत कोंबड्यांकडे वळले. आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे. पिल्लांचं खाणं, ऊब, लसी याबद्दल वाचायला आणि विचारायला सुरुवात केली ती त्या निमित्तानं. मग ओळखीच्या पाळणाऱ्यांकडून फलित अंडी मिळवली: तांबडी ऱ्होड आयलंड रेड, पांढरी व्हाइट लेगहॉर्न, काळी कडकनाथ आणि झुंजीची असील. भाच्याकडे लहानसं उबवणी यंत्र होतं, त्यात ती सगळी एकत्र ठेवली.

फरक अंड्यापासूनच सुरू होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन साधारण अंड्याच्या दोन तृतीयांश असतं. ऱ्होड आयलंड आणि लेगहॉर्नची अंडी 55 ते 60 ग्रॅमची होती, त्यांची पिल्लं वाळल्यावर 38 ते 40 ग्रॅम भरली. कडकनाथचं अंडं त्रेचाळीस-चव्वेचाळीस ग्रॅमचं, पिल्लू 28-29 ग्रॅम. असील या दोहोंच्या मध्ये. यंत्रात सगळ्यांना एकवीस दिवसांचाच हिशेब लावलेला होता, पण लहान अंडी थोडी आधी फुटली, म्हणजे कडकनाथची पिल्लं मोठ्यांच्या आधी कोरडी होऊन चिवचिवत होती. पहिल्या दिवशी वयानं तसूभर पुढे आणि वजनानं पाव हिस्सा मागे, अशी त्यांची सुरुवात.

लहान जीवाला थंडी लवकर लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची. मुंबईत एप्रिलमध्ये दुपारी दिवा लावायची गरजही पडत नाही, पण पहाटे खाडीवरून वारा आला की कडकनाथची पिल्लं सगळ्यात आधी दिव्याखाली दाटी करायची आणि जड पिल्लं त्यांच्या अंगावर चढायची. म्हणून पुठ्ठ्याच्या रिंगणात मधे आणखी एक पुठ्ठा उभा केला: एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला बाकीची. खाली भाताचं तूस. दोन्हीकडे एकेक दिवा, काळ्यांचा जरा खाली. ज्यांना वेगवेगळ्या जातींची पिल्लं एकत्र आणायची आहेत त्यांनी हा पुठ्ठा पहिल्या दिवसापासून ठेवावा असं मी कळकळीनं सांगेन. चेंगरून मेलेलं पिल्लू अशक्त होतं असं म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते फक्त लहान जातीचं असतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोळ्यांना फसवायचं काम पिसं करतात. लेगहॉर्नला पिसं झटपट येतात. जेमतेम दहा दिवसांच्या पिल्लाचे पंख छान मिटलेले दिसतात आणि महिन्याभरात ती चिमुकली, पण पूर्ण कोंबडी वाटते. ऱ्होड आयलंड त्यामानानं सावकाश. असील तर फारच सावकाश: लांब पाय, उघडी मान, छातीवर लाल कातडी, पाठीवर इथे-तिथे पिसांचे पुंजके. आमच्या शेजारच्या मावशी त्यांना बघून म्हणाल्या, "वहिनी, यांना काय लागलंय गं? खरूज नाही ना?"

"मावशी, एक उचलून बघा."

त्यांनी एक उचललं आणि हात खाली गेला. असील असाच असतो. पिसं थोडी, अंगाला घट्ट चिकटलेली, आणि आत सगळं मांस आणि हाड. बघायला लेगहॉर्नपेक्षा किरकोळ, हातात घेतला तर जड. उलट क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत लोक कौतुकानं बघतात ती रेशमी पिसांची सिल्की कोंबडी कापसाच्या गोळ्यासारखी फुगलेली दिसते, पण भरते किलोभरच. कोंबडीचं माप डोळ्यांनी घेऊ नये, हे मला असीलनं पटवलं.

मुंबईकराची नजर तर ब्रॉयलरनं घडवली आहे. सकाळी टेम्पोतून चिकनच्या दुकानापाशी उतरणाऱ्या जाळीच्या खोक्यांत जो पक्षी असतो तो पाच-सहा आठवड्यांचा असतो आणि दोन किलोच्या घरात असतो. चाळीस ग्रॅमचं पिल्लू दीड महिन्यात दोन किलो. ते त्याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं वाण आहे. त्याच वयाचं माझं ऱ्होड आयलंडचं पिल्लू साडेचारशे-पाचशे ग्रॅमचं होतं आणि कडकनाथचं अडीचशेच्या आसपास. पुण्याहून आलेले दीर ते बघून म्हणाले, "वहिनी, खायला काय घालता, वाराच का?" मी त्यांना खाद्याचं पोतं दाखवलं. सुरुवातीच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, चारही जातींना तेच होतं. कडकनाथची कोंबडी पूर्ण वाढल्यावरही सव्वा ते दीड किलोपर्यंतच जाते. ऱ्होड आयलंडची कोंबडी जातीच्या मानकाप्रमाणे तीन किलोच्या जवळ, तिचा कोंबडा पावणेचार किलोच्या आसपास. लेगहॉर्नची कोंबडी दोन किलोंच्या आसपास थांबते. जगात कोंबडीची मापं याहूनही लांबवर पसरलेली आहेत: न्यू जर्सीत तयार झालेल्या जर्सी जायंटचा कोंबडा पावणेसहा-सहा किलोंचा, आणि मलेशियाचा सेरामा अर्ध्या किलोच्याही आत. एकच प्राणी, बारापट फरक. मग सहा आठवड्यांचं पिल्लू केवढं असावं, या प्रश्नाला एकच उत्तर कसं असेल?

वजन करायची पद्धत मी लवकर बसवली. पिल्लं लहान होती तोवर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरला, त्यावर प्लास्टिकचा डबा. मोठी झाल्यावर सासूबाईंचा मासळी तोलायचा ताणकाटा, आणि कापडी पिशवी. दर रविवारी, सकाळी खाद्य घालायच्या आधी. ही वेळ महत्त्वाची. खाऊन आलेल्या कोंबडीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली असते, आणि लहान पक्ष्यात तेवढ्यानंही आकडा हलतो. पायांत रंगीत कड्या घातल्या होत्या, त्यामुळे कोण कोण ते कळायचं. या कड्यांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. पायाची नळी जाड होत जाते, कडी रुतते, आणि ऱ्होड आयलंडला मोठ्या मापाची कडी लागते तेव्हा कडकनाथची पहिलीच अजून सैल असते.

वजन झालं की पक्षी काखेत धरायचा आणि दोन बोटं छातीच्या मधल्या हाडावरून फिरवायची. हाडाच्या दोन्ही अंगांना मांस भरलेलं लागलं तर पक्षी ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं बाहेर लागलं तर पक्षी खंगतोय, मग तो कितीही उंच असो. कडकनाथच्या तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, छातीवरून बोटं फिरवली की दर वेळी गोलसर, भरलेलं लागायचं. सासूबाईंनी काटा कधी वापरला नाही, पण या हाडाचं त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाजारात कोंबडी घेताना त्या आधी छाती चाचपतात.

आठव्या आठवड्याच्या वहीतली पानं माझ्यासमोर आहेत. तलंगांची वजनं: ऱ्होड आयलंड 650 ते 700 ग्रॅम, लेगहॉर्न 550 ते 600, असील साडेचारशे ते पाचशे, कडकनाथ 350 ते 400. बाराव्या आठवड्यात ऱ्होड आयलंड अकराशेच्या पुढे आणि कडकनाथ सहाशेच्या आत. चारही जातींच्या वजनाच्या रेषा वर जात होत्या. एक रेषा दुसरीच्या खाली आहे याला काही अर्थ नव्हता. अर्थ होता तो रेषेच्या चढाला.

नर-मादीचा फरक याच काळात मधे येतो, आणि तो न ओळखल्यामुळे पुष्कळांचा हिशेब चुकतो. एकाच जातीत नर मादीपेक्षा भराभर वाढतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ज्याचा तुरा लाल होऊन वर आलाय, पाय जाड दिसताहेत, जो खाद्यावर पहिला धावतो, तो बहुतेक कोंबडा. आता बाजारात कुणी पिल्लं विकायला बसलं आणि गिऱ्हाईकानं त्यातली "चांगली धट्टीकट्टी" निवडून घेतली, तर त्यानं काय निवडलं? कोंबडे. अंड्यांसाठी पिल्लं घ्यायची तर मोठी वेचून घेऊ नयेत. मध्यम चणीची, चपळ, डोळे स्वच्छ आणि बूड कोरडं असलेली घ्यावीत. दहा-बारा आठवड्यांनी शंका राहत नाही, कारण कोंबड्याच्या मानेवर आणि शेपटीजवळ पाठीवर लांब, टोकदार, चमकदार पिसं येतात. तलंगांची तिथली पिसं गोलसर राहतात. रस्त्यावर रंगवून विकतात ती गुलाबी-हिरवी पिल्लं बऱ्याचदा अंड्यांच्या वाणातली टाकून दिलेली नर पिल्लं असतात. ती विकत घेऊन पोरांच्या हातात देऊ नयेत. रंगाचा त्रास वेगळा, आणि ऊब न मिळाल्यानं बहुतेक दोन-तीन दिवसांत मरतात.

जून लागला आणि पाऊस सुरू झाला. मुंबईच्या पावसात कोंबड्यांना पाण्यापेक्षा ओल जास्त मारते. खुराड्याच्या एका कोपऱ्यात पत्र्याच्या सांध्यातून पाणी उतरत होतं, तूस दमट झालं होतं. एका रविवारी निळ्या कडीची ऱ्होड आयलंड तलंग काट्यावर घातली, तर वजन मागच्या आठवड्यापेक्षा साठ ग्रॅम कमी. बाकी सगळ्या ऱ्होड आयलंड शंभर-शंभर ग्रॅमनी वर गेलेल्या. ती दिसत कशी होती? परसात उभी राहिली तर कडकनाथच्या दुप्पट. तुरा जरासा फिका. खाद्यावर येत होती, पण चोच मारून मागे सरत होती. छातीचं हाड हाताला लागलं. संध्याकाळी तिला वेगळ्या डालग्याखाली वर्तमानपत्रावर ठेवलं आणि सकाळी विष्ठेत रक्त दिसलं: रक्ती हगवण. हा आतड्यात वाढणाऱ्या एकपेशीय परजीवींचा रोग. ओलं तूस मिळालं की त्यांची अंडी तिथे तयार होतात आणि टोचून खाणाऱ्या प्रत्येक चोचीतून आत जातात. वाढत्या पिल्लांना तो सगळ्यात जास्त गाठतो. पशुवैद्यांनी पाण्यातून अँप्रोलियम द्यायला सांगितलं, ते सगळ्याच पक्ष्यांना दिलं. तूस पूर्ण काढून जमीन कोरडी केली, चुना भुरभुरला, पत्र्याचा सांधा बुजवला, पाण्याची भांडी विटांवर उचलली म्हणजे सांडणार नाहीत. निळी तलंग तरली. तिची रेषा मात्र पुढे तीन-चार आठवडे बाकीच्या तांबड्यांच्या खालीच राहिली.

मला इथे नेमकं हेच म्हणायचं आहे. त्या आठवड्यात परसात कुणीही आलं असतं तरी बोट काळ्यांकडेच दाखवलं असतं. त्यांचा चढ सरळ होता. आजारी होती ती त्या घोळक्यातल्या मोठ्यांपैकी एक, आणि जर मी तिला कडकनाथशी ताडून बघितलं असतं तर ती धडधाकटच वाटली असती. आपल्याकडे रक्ती हगवणीनं पिल्लं "अचानक" मेली असं फार ऐकू येतं. वजन त्याच्या आधी पडलेलं असतं. पाळणाऱ्यानं ताणकाटा विकत घ्यावा.

मोठ्या-लहानांना एकत्र वाढवायचं तर खाद्याची सोय वेगळी करावी लागते. खरी उपासमार तिथे होते. लहान जात जन्मतःच लहान, त्यात मोठ्यांनी भांड्यावरून हुसकावलं तर ती खरोखरच मागे पडते, आणि मग लोकांचं म्हणणं खरं ठरतं. ऱ्होड आयलंड तशी शांत, पण असीलच्या तलंगासुद्धा भांडखोर. झुंजीची जात ती. झुंजींना कायद्यानं बंदी असली तरी रक्त तेच. दोन असील तलंगांनी तासभर एकमेकींसमोर मानेची पिसं फुलवून उभं राहावं आणि त्यांच्यामागे सगळा घोळका खोळंबावा, असं व्हायचं. त्यावर सासूबाईंनी युक्ती काढली. जुनं मोठं बांबूचं डालगं घेतलं, पालथं घातलं आणि चारी बाजूंनी विटांवर टेकवलं. विटा किती उंच ठेवायच्या हे त्यांनी पक्षी उभे करूनच ठरवलं: कडकनाथची तलंग मान वाकवून खालून आत जाईल, तांबडी अडकेल. आत एक खाद्याचं भांडं, एक पाण्याचं. दोन दिवसांत काळ्यांना तो रस्ता कळला. बाहेर तांबड्या आणि असील त्यांच्या भांड्यावर, आत काळ्या निवांत टोचताहेत. एखादी लेगहॉर्न अंग चोरून आत शिरायची, ते चालायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी विटेखाली फरशीचा तुकडा सरकवून डालगं तेवढं वर घ्यायचं. लहान जातीचा पक्षी मोठ्या कळपात ठेवणाऱ्यांना यापेक्षा चांगली सोय मला ठाऊक नाही, आणि खर्च शून्य.

पाण्याच्या भांड्याचंही तसंच. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असावी असं सांगतात, म्हणजे पाणी घाण होत नाही. चार उंचीच्या पाठी असल्यावर कुणाची उंची धरायची? सगळ्यात लहानाची. मोठा वाकून पितो, लहान उडी मारून पिऊ शकत नाही.

बसायच्या काठ्यांवर जातींचा स्वभाव आणि वजन दोन्ही दिसलं. लेगहॉर्न हलकी, उडायला तरबेज. तिन्हीसांजेला थेट बदामाच्या झाडावर. एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापली तेव्हा खुराड्यात राहू लागली. कडकनाथ वरच्या काठीवर. ऱ्होड आयलंडला मी मुद्दाम गुडघ्याच्या उंचीची जाड काठी दिली, कारण जड पक्षी रोज उंचावरून कठीण जमिनीवर उडी मारू लागला तर तळपायाला इजा होते, तिथे गाठ धरते आणि पू होतो. पावसाळ्यात घुशींचा त्रास होता, जमिनीलगत बारीक जाळी पुरून घेतली. घारीला मात्र फक्त लहानच दिसतात. मोठी झालेली तांबडी तलंग घार उचलत नाही, कडकनाथवर ती पुष्कळ उशिरापर्यंत टपून असते. माडाच्या झावळ्यांची सावली तेवढ्यासाठी उपयोगी पडली.

बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत अंड्यांच्या जातीच्या तलंगेचा हाडांचा सांगाडा जवळपास पूर्ण होतो. पुढे वजन वाढतं ते मांस, चरबी आणि अंड्यांच्या अवयवांचं. म्हणून या पहिल्या तीन महिन्यांत आबाळ झालेली कोंबडी पुढे कितीही खाऊ घातली तरी हाडापेरानं लहानच राहते. आमच्याकडे बाजारात जवळा स्वस्त मिळतो, तो मी या काळात खाद्यात मिसळायचे. उन्हात वाळवलेला, बिनमिठाचा. खारवलेली मासळी कोंबड्यांना घालू नये, मीठ त्यांना सोसत नाही. अंडी सुरू झाल्यावर जवळा बंद केला, कारण जास्त झाला तर अंड्याला मासळीचा वास येतो, आणि आम्हा गोराईकरांनाही तो अंड्यात नको असतो.

विसाव्या आठवड्यात ऱ्होड आयलंड तलंगा सतराशे ग्रॅमच्या आसपास, लेगहॉर्न साडेतेराशे, असील तेराशे, कडकनाथ सव्वानऊशे. कडकनाथसाठी हे वजन अगदी जातीला धरून आहे.

आता सगळे विचारू लागले, अंडी कधी? लोकांना वाटत होतं सगळ्यात मोठी ती आधी घालेल. पहिलं अंडं लेगहॉर्नचं आलं, गणपतीच्या दिवसांत, बेचाळीस ग्रॅमचं. तलंगेची पहिली अंडी लहानच असतात, महिन्या-दोन महिन्यांत ती मापाला येतात. लेगहॉर्न म्हणजे शरीर बेताचं आणि खाद्यातलं सगळं अंड्यात घालणारी जात. म्हणून तर जगभरच्या पांढऱ्या अंड्यांच्या व्यवसायामागे तीच आहे. पाठोपाठ ऱ्होड आयलंड. कडकनाथला सहा महिने लागतात आणि असीलला त्याहून जास्त. त्यात सप्टेंबरनंतर दिवस लहान होत जातो, आणि उजेड कमी होत असला की तलंगा अंड्याला उशीर करतात. आमच्या काळ्या दिवाळी उलटून गेल्यावर लागल्या.

तलंग अंड्यावर येतेय हे ओळखायच्या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात: तुरा लालभडक होतो, हात लावला की ती पंख पसरून खाली बसते, सांदीकोपरे धुंडाळू लागते. कडकनाथमध्ये पहिली खूण उपयोगाची नाही. तिचा तुराच काळसर-जांभळा. तिथे बोटांनी बघावं लागतं. पक्षी उलटा न करता काखेत धरायचा, शेपटीखाली दोन बारीक हाडांची टोकं लागतात. अंड्याला वेळ असेल तर त्यांच्यात एक बोटही धड मावत नाही. दोन बोटं सहज बसू लागली, हाडं लवचीक लागू लागली, की आठवड्या-दोन आठवड्यांत अंडं. बोटंही कोंबडीच्या मापानं मोजायची. कडकनाथला माझी दीड बोटं म्हणजे तांबडीची दोन.

एक पेच या काळात येतो. लेगहॉर्न अंड्यावर, तिला कॅल्शियम भरपूर हवं. कडकनाथ अजून वाढीत, तिला ते जास्त झालं तर मूत्रपिंडांवर ताण. अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य सगळ्यांना घातलं तर लहानांचं नुकसान. मी सगळ्यांना वाढीचंच खाद्य चालू ठेवलं आणि गोराईच्या किनाऱ्यावरचे शिंपले आणून, गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, तव्यावर भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवले. अंडी घालणाऱ्या कोंबड्या संध्याकाळी त्या वाटीकडे स्वतःहून जातात. तलंगा ढुंकून बघत नाहीत.

नरांचा निर्णय मी तेव्हाच करून टाकला. ऱ्होड आयलंडचा पूर्ण वाढलेला कोंबडा कडकनाथच्या तलंगेवर चढला की तिच्या पाठीची पिसं जातात, नखांनी कातडी फाटते; तिच्या तिप्पट वजन तिनं कसं पेलावं? तांबडा कोंबडा आता तांबड्यांबरोबर जाळीच्या पलीकडे असतो, काळ्यांना त्यांचा काळा. जातही शुद्ध राहते. असीलचे कोंबडे ज्याच्याकडून अंडी आणली त्यालाच परत दिले, असीलचे दोन कोंबडे एका परसात राहूच शकले नसते. परस लहान असेल तर चारचार जाती ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दोन ठेवाव्यात, आणि त्या साधारण एका वजनाच्या: ऱ्होड आयलंडबरोबर ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प छान नांदते, दोघींची चण सारखीच. कडकनाथ ठेवायची तर तिच्यासोबत गावठीच बरी.

वर्षाच्या अंड्यांचा विचार केला तर आकाराचा क्रम जुळत नाही. लेगहॉर्न सगळ्यात पुढे, मग ऱ्होड आयलंड. कडकनाथ वर्षाकाठी शंभरेक आणि असील त्याहूनही कमी. पण असीलचं एक काम बाकी कुणाला जमत नाही. ती खुडूक नेमानं बसते आणि अंगानं रुंद असते. कडकनाथ सहसा बसतच नाही, लेगहॉर्न तर नाहीच. सध्या पिवळ्या कडीची असील रवणावर आहे. सासूबाईंनी तिच्याखाली कडकनाथची बारा अंडी ठेवली आहेत. तांबड्यांची असती तर नऊ-दहाच मावली असती. वहीत काळ्यांच्या पानापुढचं पान कोरं ठेवलं आहे, पिल्लं आली की पहिल्या रविवारपासून वजनं तिथेच लिहीन. आणि मावशींना आधीच सांगून ठेवलंय की ती 28 ग्रॅमचीच निघणार आहेत.